दृष्टी गेल्यानंतर मराठी पुस्तके वाचण्यासाठी ई-रीडर घ्यावा की फोन पुरेसा आहे?

नौपाड्याची वाचक

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहते. तीस वर्षे शाळेत मराठी शिकवले. दोन्ही डोळ्यांतील काचबिंदूमुळे गेल्या वर्षभरात छापील अक्षर वाचणे पूर्णपणे थांबले आहे. १८९३ सालापासून चालत आलेल्या आपल्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून दर आठवड्याला पुस्तक बदलून आणण्याचा माझा नेम होता. तो सुटला, याचे दुःख मला दृष्टी गेल्याच्या दुःखाइतकेच आहे.

दोन महिन्यांपूर्वी एका दुकानातून ई-रीडर आणला. ‘हा बोलतो’ असे विक्रेत्याने खात्रीने सांगितले होते. तो बोलतोही, पण इंग्रजीत. मराठी पुस्तक उघडले की गप्प बसतो. मग भाच्याने फोनवर टॉकबॅक (पडद्यावरचे वाचून दाखवणारी अँड्रॉइडची सोय) सुरू करून दिले आणि काही पीडीएफ पुस्तके उतरवून दिली. त्यांतले एक स्वच्छ वाचले जाते. दुसरे उघडताच सुटी इंग्रजी अक्षरे, कंस आणि आकडे ऐकू येतात, जरी भाचा सांगतो की पडद्यावर उत्तम मराठी दिसते आहे. तिसऱ्यात तर पानावर काहीच नसल्यासारखी शांतता असते. असे का होते आणि यावर उपाय काय?

आणखी एक विचारते. वाचताना एखादे वाक्य आवडले की मी मागे जाऊन ते पुन्हा पाहत असे, शब्द कसा लिहिला आहे ते न्याहाळत असे. ऐकताना वाक्य पुढे निघून जाते आणि मी मागे राहते. हे सवयीने बदलते का?

नेरूळहून

मॅडम, मी जन्मतः अंध आहे. शाळेत ब्रेल शिकलो, पुढे कॅसेटवर आणि संगणकावर वाचू लागलो, आणि गेली अनेक वर्षे नेरूळ ते ठाणे असा रोजचा प्रवास पुस्तक ऐकतच करतो. आपले तिन्ही प्रश्न मला ओळखीचे आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

आधी पीडीएफचे. आपल्याकडची तिन्ही पुस्तके डोळ्यांना सारखीच दिसत असली, तरी आतून ती तीन वेगळ्या जातींची आहेत. पहिले युनिकोडमध्ये आहे. म्हणजे त्यात ‘क’ हे अक्षर ‘क’ म्हणूनच साठवलेले आहे, त्यामुळे कोणताही स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारी प्रणाली, ते वाचतो. दुसरे जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेले आहे. छापखान्यांत आणि संगणकावरील पानजुळणीच्या (डीटीपीच्या) कामात वर्षानुवर्षे असे फॉन्ट वापरले गेले, ज्यांत फाइलमध्ये प्रत्यक्षात इंग्रजी अक्षरे आणि चिन्हेच असतात आणि फॉन्ट त्यांना देवनागरीचे रूप देतो. यंत्राला रूप दिसत नाही, फक्त साठवलेले चिन्ह मिळते, आणि ते बिचारे प्रामाणिकपणे तेच वाचते. तिसऱ्या फाइलमध्ये तर अक्षरेच नाहीत. ती पानांची छायाचित्रे आहेत.

दुसऱ्या आणि तिसऱ्या जातीवर उपाय एकच, तो म्हणजे ओसीआर. पानाच्या चित्रातून अक्षरे ओळखून त्यांचे युनिकोड मजकुरात रूपांतर करणे. गूगल ड्राइव्हमध्ये फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडली की मराठीचे ओसीआर होते. टेसरॅक्ट या मोफत प्रणालीतही मराठी आहे. जुन्या फॉन्टच्या फाइलमधून मजकूर कॉपी करून चिकटवण्याच्या भानगडीत पडू नये, त्या पानांचे आधी चित्र करावे आणि मग त्या चित्राचे ओसीआर करावे.

आता आवाजाचे. अँड्रॉइड फोनवर गूगलचा मराठी आवाज मिळतो; सेटिंग्जमधील टेक्स्ट-टू-स्पीच विभागात जाऊन त्याची फाइल एकदा उतरवून घेतली की पुढे इंटरनेट नसले तरी चालते. आयफोनवर २०२२ साली आलेल्या आयओएस १६पासून व्हॉइसओव्हरला, म्हणजे आयफोनच्या स्वतःच्या स्क्रीन रीडरला, मराठी आवाज मिळाला आहे. संगणकावर एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर मोफत आहे आणि त्यासोबत येणारा ईस्पीक हा आवाज मराठी वाचतो. ईस्पीक ऐकून पहिल्या दिवशी आपण नाराज व्हाल, कारण तो अगदी यांत्रिक आहे. पण वेग वाढवला की गोड आवाजांचे शब्द एकमेकांत मिसळतात आणि याचे मात्र सुटे, टणक राहतात. मी कामाची कागदपत्रे ईस्पीकवर वाचतो आणि कथा-कादंबऱ्या गूगलच्या आवाजात.

उच्चारांबद्दल आपल्यासारख्या शिक्षिकेची तक्रार होणार, हे मी आधीच धरून चालतो. ‘जरा थांबा’ मधला ‘जरा’ आणि म्हातारपण या अर्थाचा ‘जरा’ यांतला ‘ज’ आपण वेगळा उच्चारतो. माझ्या फोनवरचा आवाज दोन्ही एकाच ‘ज’ने उरकतो. ‘चाक’ आणि ‘चहा’ यांच्या ‘च’चेही तेच. महिन्याभरात कान स्वतःच दुरुस्ती करू लागतो.

मागे राहण्याबद्दल सांगायचे तर सवय होते, पण केवळ ऐकत राहून होत नाही, बोटांनाही शिकवावे लागते. टॉकबॅकमध्ये तीन बोटे पडद्यावर सरकवून वाचनाचे एकक बदलता येते: परिच्छेद, ओळ, शब्द, अक्षर. त्यानंतर एक बोट खाली सरकवले की त्या एककाने पुढे आणि वर सरकवले की मागे. ‘अक्षर’ हे एकक निवडून एखाद्या शब्दावरून सावकाश गेलात की ऱ्हस्व-दीर्घ, जोडाक्षर, अनुस्वार सगळे एकेक करून कानावर येते. मी वर्षानुवर्षे शुद्धलेखन असेच तपासत आलो. आयफोनवर हेच काम दोन बोटांनी किल्ली फिरवल्यासारखे रोटर (एकक निवडण्याची पडद्यावरची चकती) फिरवून होते. पहिले पंधरा दिवस एकच पान घेऊन फक्त पुढे-मागे जाण्याचा सराव करावा, पुस्तक संपवण्याची घाई नको.

वेगाबद्दल एक सांगतो. साध्या वेगाने सुरुवात करावी आणि आवाज रेंगाळतो आहे असे वाटू लागले की थोडा वाढवावा. कविता मात्र कधीही सलग ऐकू नये, ओळीगणिक थांबून ऐकावी. यंत्र ओळीच्या शेवटी थांबत नाही आणि यमक हरवते.

लोकलमध्ये कान पूर्ण बंद करणारे हेडफोन घालू नयेत. तुर्भ्यानंतर एक गाडी सानपाड्याकडे वळते आणि दुसरी जुईनगरकडे, तेव्हा उद्घोषणा ऐकू येणे आवश्यक असते. मी हाडांमधून कंपने पोहोचवणारे हेडफोन वापरतो, त्यात कान मोकळे राहतात.

कोपरखैरण्याची मुलगी

मी माझ्या आईसाठी पुस्तके स्कॅन करते, म्हणून त्या बाजूने लिहिते. ओसीआरनंतर एकदा मजकूर डोळ्यांखालून घालणाऱ्या माणसाची गरज असते. जुन्या, पिवळ्या पडलेल्या पानांवर ‘घ’चा ‘ध’ आणि ‘भ’चा ‘म’ होतो. ‘घर’ हे ‘धर’ होते आणि ‘भाऊ’ हा ‘माऊ’. आईने एकदा अख्खे प्रकरण ऐकून मला विचारले की या घरात मांजर केव्हा आले. तेव्हापासून मी आधी शोधून हे शब्द दुरुस्त करते. पुस्तकाच्या शिवणीजवळ पान वळलेले असेल तर तिथल्या ओळी वाकड्या येतात आणि सगळ्यांत जास्त चुका तिथेच होतात, म्हणून स्कॅन करताना पान सपाट दाबून धरावे आणि स्कॅनची सूक्ष्मता ३०० डीपीआयपेक्षा (दर इंचाला ३०० ठिपक्यांपेक्षा) कमी ठेवू नये.

असे स्कॅन करणे बेकायदा आहे का, ही शंका मलाही होती. २०१२ साली कॉपीराइट कायद्यात केलेल्या दुरुस्तीने कलम ५२ मध्ये याची स्पष्ट सोय झाली आहे. अपंग व्यक्तीला पुस्तक वाचता यावे म्हणून ते सुलभ स्वरूपात करणे आणि तिच्या वैयक्तिक वापरासाठी देणे याला परवानगी आहे. त्यातून नफा कमावता येत नाही. पुढे २०१४ साली, अंध वाचकांना सुलभ स्वरूपातील पुस्तके मिळावीत यासाठीच्या मराकेश या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता देणारा भारत हा जगातला पहिला देश ठरला. तेव्हा आपला भाचा निर्धास्तपणे स्कॅन करू शकतो.

त्याआधी सुगम्य पुस्तकालयाचे सदस्यत्व मात्र घ्यावे. २०१६ साली सुरू झालेले हे ऑनलाइन ग्रंथालय छापील मजकूर वाचू न शकणाऱ्यांसाठीच आहे आणि त्यात मराठीसह अनेक भारतीय भाषांतील पुस्तके आहेत. अंधत्वाचे प्रमाणपत्र हाताशी ठेवावे. दुसऱ्या कुणी आधीच केलेले पुस्तक आपण पुन्हा स्कॅन करण्यात रात्री घालवू नयेत. मी घातल्या आहेत, म्हणून कळकळीने सांगते.

वाशीचा निवृत्त

वरील उत्तरांशी मी सहमत आहे, पण ‘फोनच पुरे’ असा अर्थ त्यातून कुणी काढू नये. माझी दृष्टी साठीनंतर गेली आणि गुळगुळीत काचेवर बोट सरकवणे मला आजही जमत नाही. चुकून बोट लागले की पुस्तक बंद होते, भलताच फोन लागतो. माझ्यासाठी खऱ्या बटणांचे यंत्र उपयोगी ठरले. व्हिक्टर रीडर स्ट्रीमसारख्या यंत्रावर उंचवट्याची बटणे असतात, डेझी या अंध वाचकांसाठीच्या बोलक्या पुस्तकांच्या स्वरूपातील पुस्तकात प्रकरणावरून प्रकरणावर उडी मारता येते आणि थांबलो त्याच जागेवरून पुढे सुरू होते. किंमत बरीच आहे, त्यामुळे हातात घेऊन पाहिल्याशिवाय घेऊ नये. आणि घेण्याआधी आपले स्वतःचे एक मराठी पुस्तक त्यात घालून ते वाचते की नाही, हे दुकानातच ऐकावे.

आपण आणलेला ई-रीडर टाकून देऊ नका. इंग्रजी वाचन होत असेल तर त्यासाठी तो चांगला आहे. काही यंत्रांना स्पीकर नसतो, ब्लूटूथ हेडफोन जोडल्यावरच ती बोलतात, एवढे लक्षात असू द्या.

नौपाड्याची वाचक

आपणा तिघांचे मनापासून आभार. चार दिवस थांबून लिहिते आहे, कारण आधी करून पाहायचे होते.

भाच्याने दुसऱ्या पुस्तकाच्या पानांची चित्रे करून त्यांचे ओसीआर केले आणि पहिली वीस पाने बोलू लागली. ‘घ’ आणि ‘ध’ यांचा घोळ आमच्याकडेही झाला, पण आता तो कुठून येतो हे माहीत असल्याने मी ऐकतानाच शब्द मनात बदलून घेते आणि त्याला सांगते, तो दुरुस्त करतो. सुगम्य पुस्तकालयाचा अर्ज भरला आहे. बटणांचे यंत्र मी सध्या घेणार नाही, कारण बोटे अजून शिकत आहेत असे मला जाणवते.

काल दुपारी अक्षराचे एकक लावून एक शब्द तपासला. ‘निःशब्द’ होता. नि, मग विसर्ग, मग श, असे एकेक करून आले. विसर्ग ऐकू आला तेव्हा मी खिडकीशी बसले होते, आणि तो शब्द मी पुन्हा पाच-सहा वेळा ऐकला.

नेरूळच्या दादांना एक विचारायचे आहे. समासात पेन्सिलीने खूण करण्याची माझी सवय होती. टॉकबॅकवर वाचताना एखाद्या वाक्यावर खूण ठेवून, महिन्याभराने थेट तिथेच परत यायचे असेल, तर आपण काय करता?

नेरूळहून

वाचनाच्या ॲपमधील बुकमार्क वापरतो, पण तो बहुतेक ठिकाणी पानाला लागतो, वाक्याला लागत नाही. म्हणून मी वेगळी वही ठेवली आहे, फोनमधल्या नोट्समध्ये. पुस्तकाचे नाव, प्रकरण, आणि त्या वाक्यातले सलग तीन शब्द. नंतर पुस्तकात ते तीन शब्द शोधले की थेट त्या जागी पोहोचतो. एकच शब्द लिहून ठेवलात तर शोधात तो पन्नास ठिकाणी सापडेल, म्हणून तीन हवेतच. आणि ते बोलून न लिहिता टाइप करावेत, कारण बोलून लिहिताना फोन शुद्धलेखन स्वतःच्या मनाने ठरवतो आणि मग शोध लागत नाही.