मोठा रंगीत प्रिंटर: बारा रंगांचा हट्ट कशाला?

शाईवाला
आमच्याकडे मोठा प्रिंटर घ्यायचं महिनाभर घाटतंय आणि गाडी '४४ इंची, बारा रंगी' इथेच अडून बसली आहे. काम काय, तर नकाशे, आराखडे आणि अधूनमधून प्रदर्शनाची पोस्टरं. माझ्या मते ३६ इंची, चार रंगी (निळी, किरमिजी, पिवळी, काळी शाई) यंत्र पुरे.

रुंदीचं बघा. ए-० कागद ८४१ मिमी रुंद, ३६ इंची रोल ९१४ मिमी. आरामात मावतो. ४४ इंची म्हणजे १११८ मिमी. त्यावर ए-० आडवा टाकावा म्हटलं तर त्याची लांब बाजू ११८९. नाही बसत. दोन ए-१ शेजारी शेजारी? ११८८. सात सेंटिमीटरने हुकलं! म्हणजे जास्तीची रुंदी घेऊन करायचं काय, तर कोऱ्या पट्ट्या कापायच्या.

आणि रंग. जितके रंग जास्त, तितक्या नळ्या आणि तितकी नोझलं, म्हणजे शाई बाहेर पडायची बारीक भोकं. हेड क्लीनिंग झालं (हेड म्हणजे थेंब टाकणारा भाग) की त्या सगळ्यांतून शाई ओढली जाते आणि वेस्ट टँकमध्ये, म्हणजे वाया शाईच्या टाकीत जाते. जांभळी शाई वर्षभर कुठल्या आराखड्यात वापरणार आहोत?

करडी_छटा
साफ असहमत. ४४ इंची यंत्रात ३६ चा रोल चढतो, उलटं होत नाही. एवढं एक वाक्य तुमच्या गणितात राहिलं. पट्ट्या कापायला कोणी सांगितलंय?

रंगांबद्दल तर तुम्ही सगळे एकाच गोणीत भरलेत. फिकट निळी आणि फिकट किरमिजी शाई रंगांची कक्षा, म्हणजे छापता येणाऱ्या रंगांचा आवाका, वाढवत नाही. उजळ भागात ठिपके दिसू नयेत म्हणून ती असते. गाल, आकाश, धुकं. कक्षा वाढते ती नारिंगी, हिरव्या, जांभळ्याने. आणि करड्या शाया कशासाठी? चार रंगांत कृष्णधवल फोटो छापून बघा. दिव्याखाली हिरवट, खिडकीपाशी गुलाबी. मी हे भोगलंय, आख्खा संच पुन्हा छापावा लागला होता.

शाईवाला
फोटो छापणाऱ्यांसाठी ठीक. पण पोस्टर भिंतीवर असतं, हातात नसतं. निरोगी डोळ्याला एक मीटरवरून ०.३ मिमीपेक्षा जवळचे ठिपके वेगळे दिसत नाहीत. शिवाय आता हेड लहानमोठे थेंब टाकतात, त्यामुळे चार रंगांतही रवाळपणा बराच कमी झालाय.

करडी_छटा
एक मीटर! प्रदर्शनात लोक नाक लावून बघतात हो. खालचा बारीक मजकूर वाचायला पुढे येतात आणि मग सगळंच दिसतं.

व्हिनाइलवीर
मधेच तोंड घालतो. पोस्टर उघड्यावर लागणार असेल तर हा वादच फुकट. तुम्ही दोघं पाण्याच्या शाईबद्दल बोलताय. साध्या, लेप नसलेल्या व्हिनाइलवर (प्लास्टिकच्या शीटवर) ती धरतच नाही. बाहेरच्या कामाला इको-सॉल्व्हंट, लॅटेक्स नाहीतर यूव्ही, या वेगळ्या जातीच्या शाया. इको-सॉल्व्हंटचा वास आणि वाट बघणं सोसावं लागतं: छापल्यावर निदान २४ तास सुकू द्या, मग लॅमिनेशन (वर पारदर्शक थर चढवणं). घाई केली की फुगे. लॅटेक्सचं प्रिंट लगेच हाताळता येतं, पण ते उष्णतेने पक्कं होतं, त्यामुळे वीज खातं आणि पातळ मिडिया (ज्यावर छापतो ते) आकसतो.

शाईवाला
सगळं आतलंच काम आहे. पण मुद्दा नोंदवला.

हेडदुखी
मी ही यंत्रं दुरुस्त करतो. रुंदी आणि रंगांवर भांडण चाललंय, पण यंत्र आठवड्यातले किती दिवस नुसतं उभं राहणार हे कोणी विचारलंच नाही. माझ्याकडे येणारी बरीच यंत्रं छापून झिजलेली नसतात, न छापून वाळलेली असतात.

म्हणून आधी हेड बघा. एचपी, कॅनन यांच्या पाण्याच्या शाईच्या यंत्रांत थर्मल हेड: शाई तापवून बुडबुड्याने थेंब बाहेर. ते झिजतं, पण बऱ्याच मॉडेलांत मालक स्वतः बदलू शकतो. एप्सनचं पिएझो: विजेने स्फटिक आकार बदलतो आणि थेंब ढकलतो, उष्णता नाही. टिकाऊ, पण गेलं की माणूस बोलवावा लागतो आणि बिल बघून मालक खुर्चीत बसतो. तुमच्यासारखं तुटक काम असेल तर मी थर्मल घेईन. आणि कृपा करून रात्री भिंतीवरचं बटण बंद करू नका! यंत्र विजेवर असेल तरच ठरल्या वेळी आपली सफाई करतं. महिनाभर बंद ठेवून मग सुरू केलं की पहिल्या मोठ्या क्लीनिंगमध्ये जी शाई जाते ती बघवत नाही.

करडी_छटा
हेडबद्दल मान्य. पण मग रोज एक छोटा रंगीत पट्टा छापा ना, बारा रंग काय नि चार काय.

हेडदुखी
सांगतो सगळ्यांनाच. पहिला आठवडा छापतात.

शाईवाला
४४ मध्ये ३६ चा रोल चढतो हे खरंच डोक्यात आलं नव्हतं, तेवढं मागे घेतो. जागा मोजून बघतो. मागे रोल बदलायला माणूस उभा राहायला हवा. हेड थर्मल, हेही ठरलं. चार रंगांवरून मात्र हटणार नाही.

करडी_छटा
मग पोस्टरवर माणसांचे चेहरे टाकू नका म्हणजे झालं.

शाईवाला
साहेबांचा एक असतो. मोठा.

करडी_छटा
बारा घ्या.