उन्हाळ्यात भादरलेल्या पॉमेरियनच्या पाठीवर केस येत नाहीयेत, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, पांढरा पॉमेरियन कुत्रा आहे, नर, वय 5, नसबंदी नाही. यवतमाळ जिल्ह्यात खेड्यावर राहतो. मे महिन्यात ऊन अन् गोचीड दोन्ही लय झाले म्हणून एका ओळखीच्याकडून झिरो मशीन मारून पूर्ण भादरला, हो मीच म्हटलं होतं, चूक माझीच. आता दिवाळी झाली, पायावर अन् तोंडावर केस नीट आले पण पाठीवर अन् शेपटीच्या बुडाशी नुसती सरकीले चिकटून राहते तशी लव आहे, वरचे लांब राठ केस नाहीतच.

खाजवत नाही, वास नाही, खपल्या नाहीत. तालुक्याच्या डॉक्टरनं कातडी खरवडून पाहिली, खरूज नाही म्हणे. खोबरेल तेल दोन महिने चोळलं, फक्त अंगणातली माती चिकटली. रोज उकडलेलं अंडं अन् दीड महिन्यापासून फिश ऑइल चालू आहे. कांद्याचा रस सांगू नका, तो चाटते अन् कांदा कुत्र्याले विषारी असते.

अशा दुहेरी कोटवाल्या (आत लव अन् वर लांब केस असलेल्या) कुत्र्यांचे केस भादरल्यावर कधीकधी वर्षभर अडकून राहतात हे माहीत आहे. पण याचं वजनही 6 वरून 8 किलो झालं, खुराक तेवढाच, म्हणून थायरॉइडची शंका येते. इथं रक्त तपासणी होत नाही अन् कापूस वेचणीत नागपूरच्या पशुवैद्यकीय कॉलेजात एकच चक्कर जमेल. तर आताच जाऊ की उन्हाळ्यापर्यंत वाट पाहू, अन् गेलो तर टी-4 (थायरॉइडची रक्त तपासणी) सोबत अजून काय तपासून घ्यायचं?