काळे बूट हवेत, पण बास्केटबॉलचेच
ताई, मुलाच्या पहिल्या पंचगिरीला ऑफिसचे पॉलिशवाले काळे बूट चालतील का, असं विचारलंत. नको हो! फिबाच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या नियमांत (कलम ४५) पंचाचा शर्ट, काळी लांब पँट, काळे मोजे आणि काळे बास्केटबॉल शूज असं स्वच्छ लिहिलंय.

इथे इंदूरला एका शालेय सामन्यात मी तसलेच कडक तळव्याचे बूट घातले होते. फास्ट ब्रेकमागे, म्हणजे चेंडू मिळताच केलेल्या वेगवान चढाईमागे धावलो, बास्केटमागच्या बेसलाइनपाशी पाय सटकला, आणि त्या क्षणात धडक कोणी दिली ते दिसलंच नाही. धडक बसलेल्या पोरीचा रडवेला चेहरा अजून आठवतो.

२८ मीटरचं कोर्ट पंचालाही खेळाडूंइतकंच पळवतं. शूज आधी आठवडाभर घरी घालू द्या, आणि तळवे ओल्या फडक्याने पुसायला सांगा. पँटला इस्त्री हवीच!