मेंदूच्या दुखापतीनंतर घरी : सांगितल्याशिवाय काहीच न करणाऱ्या माणसाला किती सांगावे?

प्रश्न (रुग्णाची पत्नी)

नमस्कार. माझ्या यजमानांचे वय 44 आहे. दुचाकीच्या अपघातात कपाळामागच्या भागात रक्तस्राव झाला, शस्त्रक्रिया झाली आणि पाच आठवड्यांनी ते घरी आले. त्याला आता चार महिने झाले आहेत. हातपाय चालतात, बोलणे स्पष्ट आहे आणि जुन्या गोष्टी माझ्यापेक्षा त्यांनाच अधिक नीट आठवतात. तरीही सकाळी ते पलंगाच्या कडेवर बसून राहतात. ब्रश हातात दिला तर धरतात, पण त्यावर पेस्ट लावण्यासाठी पुन्हा सांगावे लागते. मी काही बोलले नाही तर दुपारपर्यंत तसेच बसतील, आणि दोनदा सांगितले तर "सारखी मागे लागू नकोस" म्हणून चिडतात. संध्याकाळी मुलाचा अभ्यास, स्वयंपाकघरातला आवाज आणि टीव्ही एकाच वेळी सुरू असला की रागाचा स्फोट होतो. मागच्या आठवड्यात त्यांनी मुलाच्या दिशेने पाण्याचा तांब्या भिरकावला.

"मला काहीही झालेले नाही" असे ते ठामपणे म्हणतात आणि गाडीची किल्ली मागतात. सासूबाईंच्या मते मी सगळे हातात देते म्हणून त्यांना आळस जडला आहे. दीर रविवारी तासभर येतात, त्यांच्याशी हे छान गप्पा मारतात, आणि दीर "दादा तर ठणठणीत आहे" असे सांगून निघून जातात. डिस्चार्ज कार्डावरही ग्लासगो कोमा स्केलचे गुण 15 पैकी 15 लिहिलेले आहेत. मी किती सांगावे? सतत सांगत राहिले तर ते कायमचे माझ्यावर अवलंबून राहतील का? माझी रजा संपत आली आहे आणि रात्रीची झोप चार तासांवर आली आहे.

उत्तर 1 (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामे पुन्हा करायला शिकवणारी तज्ज्ञ)

ताई, आधी त्या 15 गुणांविषयी लिहिते, कारण घरातल्या बहुतेक गैरसमजांचे मूळ मला तिथेच दिसते. ग्लासगो कोमा स्केल 1974 साली तयार झाले ते रुग्णाची शुद्ध किती आहे हे मोजण्यासाठी. डोळे उघडणे, बोलून प्रतिसाद देणे आणि सांगितल्यावर हालचाल करणे या तीनच गोष्टी त्यात पाहिल्या जातात. 15 गुणांचा अर्थ रुग्ण पूर्ण शुद्धीवर आहे एवढाच होतो. तो स्वतःहून कामाला हात घालू शकतो का, राग आवरू शकतो का, आपली चूक त्याच्या लक्षात येते का, यांपैकी काहीच ते मोजत नाही.

कपाळामागचा भाग काम ठरवतो, सुरू करतो, त्याच्या पायऱ्या लावतो आणि नको त्या क्षणी स्वतःला थांबवतो. तिथे इजा झाली की ब्रश कसा करायचा हे ज्ञान शाबूत राहते, पण ते काम सुरू करून देणारी कळ दबत नाही. बाहेरून हे हुबेहूब आळसासारखे दिसते. दिरांपुढे ते छान बोलतात याचेही कारण हेच आहे. गप्पांमध्ये समोरचा माणूस प्रत्येक वाक्याने सुरुवात करून देत असतो आणि यांना फक्त उत्तर द्यायचे असते. तासभराच्या भेटीत दुखापत दिसतच नाही.

म्हणून "किती सांगावे" यापेक्षा "कोणी सांगावे" हा प्रश्न अधिक उपयोगाचा आहे. आज सगळे सांगणे तुमच्या तोंडून होते आणि त्यामुळे सगळा रागही तुमच्या वाट्याला येतो. ते सांगणे वस्तूंवर सोपवा. सकाळच्या कामांच्या पाच-सहा ओळी मोठ्या अक्षरांत पांढऱ्या फळ्यावर लिहून तो पलंगासमोर लावा, ठरावीक वेळेचा गजर ठेवा आणि ब्रश, पेस्ट, टॉवेल, कपडे रोज त्याच जागी, त्याच क्रमाने मांडा. सुरुवातीला गजर झाल्यावर तुम्ही फक्त फळ्याकडे बोट दाखवायचे, काही दिवसांनी फक्त तिकडे पाहायचे, आणि मग खोलीबाहेर थांबायचे. आधार असा पायरीपायरीने काढून घेतला तर सवय फळ्याची लागते, तुमची नव्हे. फळ्याची सवय आयुष्यभर राहिली तरी बिघडत नाही. चष्मा लावणाऱ्याला आपण परावलंबी म्हणत नाही.

शिकवताना "आठवून पाहा, पुढे काय?" असे विचारून अडवू नका. स्मरणशक्तीला इजा असेल तर केलेली चूकच पक्की होण्याचा धोका असतो. चूक होण्याआधीच योग्य पायरी दाखवावी. बॅडली आणि विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी 1994 साली हाच मुद्दा स्मृतिदोष असलेल्या रुग्णांबाबत मांडला होता, आणि घरी तो सहज पाळता येतो. खुला प्रश्नही टाळा. "आता काय करायचे?" यापेक्षा "आधी अंघोळ की आधी चहा?" याचे उत्तर देणे त्यांना सोपे जाईल.

संध्याकाळचा राग हा बहुधा थकव्याचा राग आहे. इजा झालेल्या मेंदूला साधे संभाषण ऐकण्यासाठीही जास्त कष्ट पडतात आणि दिवस कलेपर्यंत शिल्लक काही उरत नाही. थकल्यावर विश्रांती दिली तर उशीर झालेला असतो. दुपारी ठरलेल्या वेळी, थकवा दिसण्याआधीच, त्यांना अंधाऱ्या शांत खोलीत अर्धा-पाऊण तास पडू द्या. संध्याकाळी टीव्ही बंद ठेवा आणि मुलाचा अभ्यास दुसऱ्या खोलीत घ्या. भडका उडालाच तर त्या क्षणी समजावू नका. मुलाला घेऊन खोलीबाहेर पडा आणि आवाज खाली आल्यावर विषय बदलून परत या. मुलालाही स्पष्ट सांगा की तांब्या त्याच्यामुळे भिरकावला गेला नव्हता. मुले दोष गुपचूप स्वतःकडे घेतात.

उत्तर 2 (स्वतः रुग्ण, दुखापतीला नऊ वर्षे)

ताई, मी तुमच्या यजमानांच्या जागी होतो, म्हणून पलंगाच्या कडेवर बसलेल्या माणसाच्या डोक्यात काय चाललेले असते ते सांगतो. काहीच चाललेले नसते. मी मनात टाळाटाळ करत होतो असे घरच्यांना वाटे, पण टाळाटाळ करायलाही आधी मनात काम यावे लागते. कोणी हाक मारली की एकदम जाग आल्यासारखे होई, आणि ती हाक मला आज्ञेसारखी वाटून राग येई.

"मला काही झालेले नाही" हा खोटेपणा नव्हता. आपल्यातली उणीव ओळखणारा भागच दुखावलेला असतो. मला वाद घालून कधीही पटले नाही. पटले ते एका साध्या युक्तीने. माझी बहीण काम सुरू करण्याआधी विचारायची, "किती वेळ लागेल असे वाटते?" मी दहा मिनिटे म्हणायचो, ती तसे लिहून ठेवायची, आणि काम संपल्यावर घड्याळात चाळीस मिनिटे झालेली असायची. ती त्यावर एक शब्दही बोलत नसे. तिने टोमणा मारला असता तर मी तो कागद फाडला असता.

गाडीची किल्ली मात्र घरच्यांनी नाकारू नये. नकार डॉक्टरांच्या तोंडून आणि शक्यतो लेखी यावा. माझ्या बाबतीत तसे झाले आणि माझा राग त्या कागदावर निघाला.

उत्तर 3 (परिचारिका)

वर्तनाचे उपाय योग्यच आहेत, पण त्याआधी वैद्यकीय कारणे तपासून घ्यावीत. डोक्याच्या दुखापतीनंतर मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथीचे काम मंदावू शकते आणि त्याने कमालीची मरगळ येते. ते रक्ततपासणीत कळते. नैराश्यही असू शकते. रडू येणे, अपराधी वाटणे किंवा जगणे नकोसे झाल्याचे बोलणे असेल तर लगेच डॉक्टरांना सांगा. फिट येऊ नये म्हणून दिलेले लेव्हेटिरासेटाम सुरू असेल तर काही रुग्णांमध्ये त्यानेच चिडचिड वाढते. अशा वेळी औषध आपल्या मनाने बंद करू नये, कारण ते अचानक थांबवल्यास फिट येऊ शकते. पुढच्या भेटीत हा प्रश्न नेमका विचारावा. दारू पूर्ण वर्ज्य.

फिट आलीच तर त्यांना कुशीवर वळवा, डोक्याखाली मऊ काहीतरी ठेवा, तोंडात काहीही घालू नका आणि घड्याळ पाहा. पाच मिनिटांत थांबली नाही तर रुग्णवाहिका बोलवा. वाढत जाणारी डोकेदुखी, वारंवार उलट्या किंवा नेहमीपेक्षा जास्त गुंगी दिसली तर थांबू नका. चाल बिघडणे, लघवीवर ताबा न राहणे आणि विचार मंदावणे ही तिन्ही एकत्र दिसू लागली तर मेंदूत पाणी साठत असण्याची शक्यता असते, आणि त्यावर उपचार आहेत.

उत्तर 4 (दुसऱ्या एका रुग्णाचा भाऊ, सहा वर्षांपासून काळजीवाहक)

मी तुमच्या दिरांच्या जागी होतो. रविवारी जायचो, गप्पा मारायचो आणि वहिनी उगाच घाबरते असे म्हणायचो. एकदा वहिनी आजारी पडली आणि मला सलग तीन दिवस राहावे लागले. दुसऱ्या दिवशी दुपारी मी बाथरूममध्ये दार लावून उभा होतो. तेव्हा दिरांना पटवत बसू नका. एक पूर्ण दिवस, सकाळी उठल्यापासून रात्री झोपेपर्यंत, त्यांच्यावर सोपवा आणि तुम्ही घराबाहेर जा. सासूबाईंनाही "आजार आहे" हे डॉक्टरांनी समोर बसवून सांगितलेले बरे, कारण सुनेच्या तोंडून ते सबबीसारखे ऐकू येते.

फिनिअस गेज या अमेरिकी रेल्वे-मुकादमाची गोष्ट अनेकांनी वाचलेली असते. 1848 साली लोखंडी पहार त्याच्या कवटीतून आरपार गेली आणि त्याचा स्वभाव पालटला. गोष्ट बहुधा तिथेच संपवली जाते, याचा मला राग येतो. तोच गेज 1852 साली चिलीला गेला आणि तिथे कित्येक वर्षे घोडागाडी हाकत होता. ठरलेली वेळ, ठरलेला रस्ता आणि ठरलेली कामे यांनी त्याला सावरले असावे, असे काही अभ्यासक मानतात. 1860 साली तो फिट येऊन वारला, हेही खरे. पहिल्या सहा महिन्यांत सुधारणा वेगाने होते, म्हणून पुढे दार बंद होते असे नाही. माझ्या भावाने चौथ्या वर्षी पहिल्यांदा स्वतःहून मला फोन केला.

तुमच्या चार तासांच्या झोपेविषयी. काळजीवाहकाचा भार मोजण्यासाठी झारिट यांची 22 प्रश्नांची चाचणी आहे. डॉक्टरांकडून ती भरून घ्या, कारण "मी थकले" या वाक्यापेक्षा कागदावरचा आकडा लोक लवकर ऐकतात. दुसरे असे की, माणूस समोर बसलेला आहे आणि तरी आपला माणूस हरवला आहे, हे दुःख तुम्हाला होत असेल. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासिकेने या अवस्थेला संदिग्ध वियोग म्हटले आहे. असे दुःख करणे म्हणजे आपल्या माणसावर अन्याय करणे आहे, असे मला पहिली दोन वर्षे वाटत होते. तसे काही नसते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद (तीन आठवड्यांनंतर)

सर्वांचे मनापासून आभार. डॉक्टरांनी रक्ततपासणी केली, औषध बदलण्यास सुरुवात केली आणि गाडी चालवू नये असे लिहून दिले. यजमानांनी तो कागद दोनदा वाचला आणि माझ्याशी न बोलता कपाटात ठेवला. दुपारची विश्रांती सुरू केल्यापासून संध्याकाळी दोनदाच आवाज चढला, काही फेकले मात्र गेले नाही.

फळ्याचा पहिला आठवडा वाया गेला. गजर व्हायचा, ते तो बंद करायचे आणि पुन्हा बसायचे. नवव्या दिवशी "हे तुझे अक्षर आहे, मला वाचवत नाही" म्हणून चिडले. मी मार्कर त्यांच्या हातात दिला. त्यांनी सगळ्या ओळी पुसून पुन्हा तशाच, पण स्वतःच्या अक्षरात लिहिल्या, आणि "पेस्ट" ही ओळ मी विसरले होते ती घातली. काल पेस्ट लावण्यासाठी मला सांगावे लागले नाही. अंघोळीसाठी अजून लागते. या शनिवारी दीर सकाळी सातला येणार आहेत. मी बहिणीकडे झोपायला जाणार आहे.