मदत हवी आहे: लेकीला गव्हाचा कणही चालत नाही, आठ दिवस नेरूळ-ठाण्यात बाहेर खायचं कसं?

नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. पुढच्या महिन्यात पुतण्याचं लग्न नेरूळला आहे. तीन दिवस लग्नघर, मग चार-पाच दिवस ठाण्याला घोडबंदर रोडवर नणंदेकडे. सोबत बारा वर्षांची लेक. तीन वर्षांपूर्वी तिला सिलिअ‍ॅक आजार असल्याचं कळलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. ही गव्हाची अ‍ॅलर्जी नव्हे आणि बारीक व्हायचं डाएट तर नव्हेच. गहू, जव आणि राय या धान्यांत ग्लुटेन असतं. ते पोटात गेलं की तिची स्वतःची प्रतिकारशक्ती तिच्याच लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते. मग खाल्लेलं अंगी लागत नाही. निदान होईपर्यंत दोन वर्षं आम्ही तिला लोहाची औषधं पाजत होतो आणि हिमोग्लोबिन काही वर सरकत नव्हतं. उंची थांबलेली, तोंड सारखं आलेलं. शेवटी रक्ताची टीटीजी तपासणी झाली, मग एंडोस्कोपी करून आतड्याचा तुकडा तपासला, तेव्हा कळलं. यावर गोळी नाही. जन्मभर ग्लुटेन बंद, हाच उपचार.

घरी आमची घडी बसली आहे. ज्वारी, तांदूळ, नाचणी घरघंटीवर दळते, कारण बाहेरच्या गिरणीत आधीच्या गिऱ्हाइकाचा गहू दगडात राहिलेलाच असतो. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी गहू न घालता मीच करते. अडचण सगळी उंबरठ्याबाहेरची.

गेल्या मे महिन्यात नवी मुंबईतच एका हॉटेलात जेवायला गेलो. तांदळाची भाकरी आणि पिठलं मागवलं. मी तीनदा विचारलं, वेटर तीनदा म्हणाला, "तांदळाचीच आहे मॅडम, काळजी करू नका." भाकरी आली, पांढरीशुभ्र, छान पापुद्रा सुटलेली. अर्धी खाऊन झाल्यावर लेकीनं उरलेली उजेडाकडे धरली आणि म्हणाली, "आई, तांदळाला असा कोंडा असतो का गं?" भाकरीच्या पाठीवर बारीक तपकिरी कण चिकटले होते. हात धुवायच्या निमित्तानं आत डोकावले. भाकरी थापणाऱ्या मावशींच्या परातीत शेजारीच कणकेचा गोळा होता, पोळी लाटायचं पीठ भाकरीलाही लागत होतं, आणि तवा एकच. मावशींची काहीच चूक नाही, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. पुढचे तीन दिवस पोर गादीवर पोट धरून होती. आता हॉटेलात जायचं म्हटलं की आधीच म्हणते, "मी डबाच खाईन." बारा वर्षांच्या मुलीनं सगळे जेवत असताना कोपऱ्यात डबा उघडायचा, हे मला बघवत नाही.

म्हणून विचारते:

वेटरला नक्की काय सांगायचं? ग्लुटेन म्हटलं तर कुणाला कळत नाही. सासूबाई म्हणतात, सरळ "कडक उपवास आहे" सांग, उपवासाला गहू चालत नाही हे सगळ्यांना कळतं. मला पटतंय आणि नाहीही.

उडुप्यांकडे इडली-डोसा कितपत सुरक्षित?

आणि लग्नाच्या आचाऱ्याला कसं पटवायचं? तिथे तर आग्रहाचाच कारभार. केळवणांची आमंत्रणं आत्तापासून यायला लागली आहेत.

प्रतिसाद – तलावपाळीकर

ताई, मला स्वतःला चौदा वर्षं झाली सिलिअ‍ॅक कळून. राहायला नौपाड्यात, नोकरी बेलापूरला, म्हणजे तुम्ही म्हणताय त्या सगळ्या पट्ट्यात रोज पोट भरतोय. येताय ते भिऊ नका.

इडली हा माझा आधार. तांदूळ आणि उडीद, स्वतःच्या साच्यात, वाफेवर. तवा नाही, तळण नाही, परात नाही. फक्त "रवा इडली नको, साधी" असं स्पष्ट सांगा, आणि पिठात रवा मिसळत नाहीत ना तेही विचारा. डोशाचं पीठ चालतं, पण त्याच तव्यावर दोन मिनिटांपूर्वी रवा डोसा घातलेला असतो. मी डोसा सोडला.

सांबार मात्र घेऊ नका. कारण हिंग. आपल्या घरात डबीत असतो तो पिवळा हिंग शुद्ध नसतो, खड्याचा हिंग फार उग्र म्हणून त्यात पीठ मिसळतात, आणि बऱ्याच कंपन्यांच्या हिंगात ते पीठ गव्हाचं असतं. डबीच्या पाठीवर बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, घरचाही एकदा वाचून बघा. म्हणजे सांबार, वरण, मठ्ठा, पोह्यांची फोडणी, उडदाचा पापड सगळीकडे शंका. चटणी बिनफोडणीची मागायची, नुसतं खोबरं-मिरची वाटलेली. कुणी नाही म्हटलेलं आठवत नाही.

मासे खात असाल तर मोठा सापळा म्हणजे रवा फ्राय. सुरमई, बांगडा, बोंबील, सगळं रव्यात घोळवतात, आणि रवा म्हणजे गहूच. "तांदळाच्या पिठात करून द्या" म्हटलं तरी तवा आणि तेल तेच. त्यापेक्षा कालवण-भात घ्या, मसाल्यात हिंग आणि दाटपणासाठी पीठ नाही ना एवढं विचारून.

चायनीजला हात लावू नका, सोया सॉस गव्हाचा असतो. भेळेत कुरमुरे चालतात पण पुरी मैद्याची, पाणीपुरीची पुरी रव्याची. मिसळीत फरसाणात काय काय पडतं ते देवच जाणे. ठाण्यात राहून मामलेदार कचेरीवरून रोज जायचं आणि मिसळ खायची नाही, हे मला पहिली दोन वर्षं फार जड गेलं. आता घरी करतो, रविवारी, ज्वारीच्या भाकरीबरोबर.

प्रतिसाद – जुना खानावळवाला

कोपरखैरण्यात माझी सतरा वर्षं खानावळ होती, आता मुलगा बघतो. तुमच्या सासूबाईंच्या युक्तीबद्दल आतल्या बाजूनं सांगतो. उपवास सांगू नका.

उपवास म्हटलं की स्वयंपाकी जिन्नस बदलतो. कांदा-लसूण काढतो, हळद काढतो, साबुदाणा घेतो. कढई बदलत नाही. ज्या तेलात पुऱ्या आणि समोसे निघाले त्याच तेलात साबुदाणा वडा जातो. आषाढी एकादशीला आम्ही तळणाची कढई वेगळी लावायचो, कारण त्या दिवशी गिऱ्हाईक आत येऊन बघायचं. एरवी मंगळवारी, चतुर्थीला कुणी लावत नाही. तुमच्या मुलीचा प्रश्न जिन्नसापेक्षा कढईचा आहे. आणि "उपवास आहे" हे ऐकून आतला पोरगा मनात म्हणणार, चुकून लागलं तर लागलं, देव समजून घेईल. आतडं समजून घेत नाही.

खरं सांगा. वेटरला नको, गल्ल्यावरच्या माणसाला किंवा कॅप्टनला. वेटर बिचारा "हो" म्हणतो, कारण गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही हेच त्याला शिकवलेलं. शब्द असे वापरा: "मुलीला आजार आहे. गहू, मैदा, रवा, जव यांचा कणही पोटात गेला तर आजारी पडते. पोळीचा हात, पोळीचा तवा, पुरीचं तेल चालत नाही. धुतलेल्या पातेल्यात, धुतलेल्या डावानं काय करून देता येईल?" शेवटचा प्रश्न महत्त्वाचा. "हे चालेल का" विचारलं की उत्तर हो येतं. "काय करून देता येईल" विचारलं की माणूस विचार करायला लागतो.

आणि वेळ सांभाळा. दुपारी साडेअकराला किंवा संध्याकाळी सहाच्या आत जा. तेव्हा भांडी धुतलेली असतात, तेल पुष्कळदा नुकतंच बदललेलं असतं आणि स्वयंपाक्याला ऐकायला फुरसत असते. रविवारी रात्री साडेनऊला माझ्या खानावळीत तुम्ही हे सांगितलं असतंत तर मी हात जोडले असते. जो हात जोडून "आमच्याकडे नाही जमणार" म्हणतो तो प्रामाणिक माणूस. त्याच्यावर रागावू नका, पुढचं हॉटेल बघा.

प्रतिसाद – वाशीकर

ताई, रागावू नका, पण एवढं जपून मुलं नाजूक होत नाहीत का? थोडं थोडं दिलं तर शरीर सरावेल. आमच्याही मुलाचं पोट सारखं दुखतं. आम्हीही महिनाभर गहू बंद करून बघावं म्हणतोय.

धागाकर्ती

वाशीकर, रागावले नाही. हे मला माझ्या माहेरीही ऐकावं लागलं आहे, म्हणून हिशोबच देते. एका पोळीत साधारण तीस ग्रॅम कणीक, तिच्यात ग्लुटेन अडीच-तीन ग्रॅमच्या आसपास. सिलिअ‍ॅकच्या माणसाच्या पोटात दिवसभरात १० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असं सांगतात, रोज ५० मिलिग्रॅम गेलं तर आतड्याला इजा होते. १० मिलिग्रॅम म्हणजे पोळीचा तीनशेवा भाग. एका पोळीचे तीनशे तुकडे डोळ्यासमोर आणा. बोटाला चिकटलेलं पीठ म्हणजे तेवढंच. पाकिटावर "ग्लुटेन फ्री" छापायला आपल्याकडे किलोमागे २० मिलिग्रॅमची मर्यादा आहे, ती उगीच नाही. शिवाय शरीर याला सरावत नाही. वरून त्रास दिसला नाही तरी आत अस्तर झिजतच असतं.

आणि एक हात जोडून विनंती. तुमच्या मुलाचा गहू आत्ता बंद करू नका. आधी डॉक्टरांकडे जा आणि टीटीजी तपासणीबद्दल विचारा. गहू खाणं चालू असतानाच ती तपासणी खरं सांगते. महिना-महिना बंद ठेवून गेलात तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. आमच्या ओळखीत असं झालं, बिचाऱ्यांना पुन्हा कित्येक आठवडे मुलाला पोळ्या खाऊ घालून तपासावं लागलं.

खानावळवाले काका, तुमचं वाचून रात्री बराच वेळ झोप आली नाही. तळणाचं मी कधी तसं बघितलंच नव्हतं. गेल्या वर्षी एका प्रवासात तिला निर्धास्त साबुदाणा वडे दिले होते आणि नंतरच्या पोटदुखीचं खापर उन्हावर फोडलं होतं.

प्रतिसाद – नेरूळची सून

लग्नाचं मी सांगते, माझ्या दिराला हाच आजार आहे आणि आमच्याकडे पाच वर्षांत तीन लग्नं झाली.

आचाऱ्याला फोनवर सांगून भागत नाही. आठ दिवस आधी दोघी-तिघी जाऊन भेटा आणि नवा पदार्थ मागू नका. तो करतोच आहे त्यातलंच मागा: साधा भात फोडणीआधी काढून ठेवलेला, बिनहिंगाचं वरण, बटाट्याची भाजी, दही, केळी. गोडात ताज्या नारळाचं काही असेल तर. श्रीखंड चालतं, पण पुरी बुडवलेल्या वाटीतलं नाही. जिलबी मैद्याची, ती सोडाच.

हिंग तुम्ही सांगलीहूनच घेऊन या, गव्हाचं पीठ नाही असं लिहिलेला बंद डबा, आणि आचाऱ्याच्या हातात द्या. तो आनंदानं वापरतो. इथे वाशीच्या एपीएमसी मसाला बाजारात हिंग ढीगभर मिळतो, पण सुटा घेऊ नका, त्यात काय आहे ते कळत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, पहिल्या पंगतीच्याही आधी, बुफे उघडायच्या आत, तिचं ताट वाढून घ्या. एकदा माणसं सुटली की पुरीच्या ताटातला चिमटा भातात आणि भाताचा डाव कुर्म्यात जातो. आमच्या दिराचं ताट आता आचारीच आठवणीनं वर काढून झाकून ठेवतो, त्यावर केळीचं पान घालतो म्हणजे कुणी हात लावत नाही.

आग्रहाचं तुमचं खरं आहे. आमच्या एका आत्यांनी प्रेमानं लाडवाचा घास थेट तोंडाजवळ नेला होता. केळवणाला जाल तिथे आदल्या दिवशी फोन करून सांगा, "आमच्याकडून तांदळाची खीर घेऊन येतो, सगळ्यांना पुरेल एवढी." मग तिचा वेगळा डबा राहत नाही, सगळे तिचंच खातात.

धागाकर्ती

खिरीचं वाचून लेकीला हाक मारून दाखवलं. काही बोलली नाही, पण नंतर स्वयंपाकघरात येऊन विचारलं, "वेलदोडा मी कुटू?"

आत्तापर्यंत ठरलं ते असं. एक छोटा तवा, एक पातेलं आणि डाव नवा घेऊन नणंदेकडे ठेवणार. काकांची वाक्यं मराठीत आणि हिंदीत मोठ्या अक्षरात लिहून कार्ड करून घेतलं, कारण आत स्वयंपाक करणारी बरीच मुलं मराठी वाचत नाहीत. आचाऱ्याशी बोलणं झालं. आधी म्हणाला, "ताई, एवढ्या गर्दीत एकट्या ताटाचं कसं बघू?" ताट आधी वाढून झाकून ठेवायचं सांगितल्यावर म्हणाला, "हे जमेल, पण उचलायला तुम्ही स्वतः या." येईनच.

एक विचारायचं राहिलं. परतीची बस ठाण्याहून रात्री दहाला आहे. संध्याकाळी सहाला खाल्लेलं सांगलीपर्यंत पुरणार नाही, आणि वाटेत बस थांबते तिथे सगळं तळणच. तलावपाळीकर दादा, नऊ-साडेनऊला साधी इडली बांधून देणारं कुणी स्टेशनच्या बाजूला आहे का? चटणी नको. डबा आमचा आम्ही आणू.