सोसायटीच्या ग्रुपवर: १७.५ टक्के परतावा आणि नानांची एफडी

भूषण (बी-४०१): मंडळी, हा म्युच्युअल फंड पाहा. तीन वर्षांत वर्षाला सरासरी १७.५ टक्के. निफ्टीचे, म्हणजे मोठ्या ५० कंपन्यांच्या निर्देशांकाचे, १५. म्हणजे अल्फा २.५! नाना, तुम्ही विचारत होते ना, हाच घ्या.

नाना (बी-१०४): पाहिलं रे. ग्रॅच्युइटीची १० लाखांची एफडी पुढच्या महिन्यात पिकते आहे. तीच इकडे वळवायचा विचार करून राहिलो. अल्फा म्हणजे बाजारापेक्षा जास्तीचा नफाच ना?

वैशालीताई (ए-३०२): नाना, आज काही सही करू नका. भूषण, २.५ हा दोन आकड्यांतला फरक झाला, अल्फा नाही. फॅक्टशीटमध्ये, म्हणजे फंडाच्या माहितीपत्रकात, बीटा किती दिलाय?

भूषण: १.३

वैशालीताई: मग हिशोबच वेगळा. बीटा १.३ म्हणजे निफ्टी १० टक्के चढली की हा फंड साधारण १३ चढतो आणि १० उतरली की १३ उतरतो. गेली तीन वर्षं बाजार चढता होता, म्हणून १७.५ दिसतात. आपल्या लळिंगच्या घाटात उतारावर गाडी जोरात सुटते, त्यात ड्रायव्हरची कमाल नसते. उतारामुळे आलेला वेग वजा करून जे उरतं, ते ड्रायव्हरचं. फंडात त्यालाच अल्फा म्हणायचं.

वैशालीताई: आकडे मांडते. बिनजोखमीचा दर, म्हणजे सरकारी रोख्यांसारखा, ६.५ धरू. बाजाराने १५ दिले, म्हणजे जोखमीचे ८.५ जादा. भूषणच्या फंडाचा बीटा १.३, म्हणून त्याने किमान ६.५ + (१.३ × ८.५) = १७.५५ द्यायलाच हवे होते. दिले १७.५. अल्फा जवळपास शून्य.
आता दुसरा फंड धरा, परतावा १५.५ आणि बीटा ०.८. त्याच्याकडून अपेक्षा ६.५ + (०.८ × ८.५) = १३.३. दिले १५.५. अल्फा २.२. परतावा कमी, पण खरं काम या दुसऱ्या फंडाच्या मॅनेजरने केलं.

प्रतिभाताई (सी-२०३): ताई, हे सूत्र तुमचं की कुठलं? आमच्या एजंटने कधी सांगितलं नाही.

वैशालीताई: याला जेन्सनचा अल्फा म्हणतात. मायकेल जेन्सन या अर्थतज्ज्ञाने १९६८ मध्ये मांडला. अमेरिकेतले ११५ फंड, १९४५ ते १९६४ चा काळ तपासला. त्यांना दिसलं की सरासरी फंडाचा अल्फा उणे आहे. आपल्याकडे एजंट फक्त परतावा दाखवतो, हे मला पटत नाही. किती जोखीम घेऊन तो मिळाला, हे सांगायलाच हवं. आणि एनएव्ही, म्हणजे फंडाच्या एका युनिटची किंमत, खर्च कापूनच येते, त्यामुळे रेग्युलर प्लॅनमधलं (एजंटमार्फत घेतलेल्या) कमिशन थेट अल्फातून जातं. जानेवारी २०१३ पासून प्रत्येक योजनेचा डायरेक्ट, म्हणजे एजंटशिवाय घ्यायचा, प्लॅन आहे, तो बघत जा.

सेक्रेटरी: मध्येच बोलतो. उद्या नळाला पाणी पहाटे ५ ला सुटणार आहे. टाकीचा कॉक कोणी परस्पर फिरवू नये. चालू द्या.

आप्पा (ए-१०१): वैशाली बेटा, हाई समदं मना डोकावरथीन गयं. मला एकच सांग. सोन्याचा बीटा किती? आम्ही जळगावला जाऊन सोनं घेणारे लोक.

वैशालीताई: आप्पा, प्रश्न फार महत्त्वाचा विचारला. निफ्टीशी ताडून पाहिलं तर सोन्याचा बीटा शून्याच्या आसपास येतो. पण त्याचा अर्थ सोनं पडत नाही असा नाही! २०१३ मध्ये जागतिक बाजारात सोनं एका वर्षात पाव हिश्शाहून जास्त घसरलं. बीटा फक्त एवढंच सांगतो की शेअर बाजार हलला तर ही वस्तू त्याच्यासोबत किती हलते. स्वतःच्या कारणाने ती किती वरखाली होते, ते बीटात दिसत नाही. त्यासाठी फॅक्टशीटमधला स्टँडर्ड डेव्हिएशनचा आकडा बघायचा, परतावा सरासरीपासून किती वरखाली होतो ते तो सांगतो.

आप्पा: हां, आत्ता समजलं. म्हणजे बीटा कमी म्हणून निर्धास्त झोपायचं नाही.

भूषण: ताई, मग हा मिडकॅप फंड बघा. वेबसाइटवर बीटा ०.८५ आणि अल्फा ६.८! परतावा २०.५. तुमच्या सूत्राने मी स्वतः काढून पाहिला, तेवढाच येतो.

वैशालीताई: गणित बरोबर आहे. आता त्याच पानावर आर-स्क्वेअर्ड बघ, आणि कशाशी तुलना केली आहे तेही.

भूषण: ०.५८. तुलना निफ्टी ५० शी.

वैशालीताई: तिथेच गोम आहे. ०.५८ म्हणजे या फंडाच्या चढउतारातला ५८ टक्केच भाग निफ्टी ५० मुळे समजतो. बाकीचं दुसऱ्याच कारणांनी घडतं. अशा वेळी तो बीटा आणि त्यावरून काढलेला अल्फा, दोन्ही धरून चालू नये. सेबीच्या, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या, व्याख्येत मिडकॅप म्हणजे बाजारमूल्यात १०१ ते २५० क्रमांकाच्या कंपन्या. त्यांची तुलना पहिल्या पन्नासांशी कशी करणार? योजनेच्या फॅक्टशीटमध्ये बेंचमार्क, म्हणजे तुलनेचा निर्देशांक, लिहिलेला असतो, तो घे. आणि टीआरआय घे, म्हणजे लाभांश धरलेला. फेब्रुवारी २०१८ पासून सेबीने तोच बंधनकारक केला आहे. त्याआधी लाभांश सोडलेल्या निर्देशांकाशी तुलना चालायची आणि अल्फा फुगलेला दिसायचा.

भूषण: बेंचमार्क निफ्टी मिडकॅप १५० टीआरआय आहे. त्याचे तीन वर्षांचे २१ टक्के, फंडाचा बीटा ०.९५. म्हणजे ६.५ + (०.९५ × १४.५) = २०.२८. अल्फा ०.२ 😳

वैशालीताई: ६.८ चा ०.२ झाला. फंड वाईट नाही, पण ही कमाई मिडकॅप कंपन्यांची आहे, मॅनेजरची नाही. तीच हवी असेल तर मिडकॅपचा इंडेक्स फंड, म्हणजे निर्देशांकातल्याच कंपन्या घेणारा, कमी खर्चात देतो.

नाना: मला अजून कळलं नाही की मी काय करू. दीड-दोन वर्षांत धाकटीचं लग्न आहे. त्यातले निम्मे तरी तिथे लागतील.

वैशालीताई: नाना, तुमच्यासाठी अल्फा दुय्यम. आधी बीटा. बाजार २० टक्के पडला तर १.३ बीटाच्या फंडात १० लाखांतले साधारण २ लाख ६० हजार जातील, ०.८ च्या फंडात १ लाख ६० हजार. हे सरासरीने, प्रत्यक्षात जास्तही जाऊ शकतात. २३ मार्च २०२० ला निफ्टी एकाच दिवसात सुमारे १३ टक्के कोसळली होती. फॅक्टशीटमधले आकडे बहुतेक मागच्या तीन वर्षांचेच असतात, म्हणजे तो महिना आता त्यात मोजलाच जात नाही. शांत काळात मोजलेल्या बीटावर लग्नाचा पैसा लावायचा नाही.

प्रतिभाताई: लग्नाचे पैसे तर एफडीतच बरे.

नाना: बरं. मग पाच लाख एफडीतच फिरवतो. उरलेल्या पाचांना दहा वर्षं हात लावायची गरज नाही, पेन्शन आहे.

वैशालीताई: त्या पाचासाठी दोन-तीन फंडांची ताजी फॅक्टशीट घेऊन रविवारी या. परतावा शेवटी बघू. आधी बेंचमार्क, मग आर-स्क्वेअर्ड, मग बीटा. अल्फा बऱ्याच फॅक्टशीटमध्ये छापलेला नसतो, तो भूषण काढेल. आणि एका वर्षाचा नको, निदान पाच-सात वर्षांचा काढ रे, बाजार पडला ती वर्षं धरून.

भूषण: काढतो ताई. एक्सेलमध्ये करून ग्रुपवर टाकतो, सगळ्यांनाच उपयोगी पडेल.

आप्पा: सोन्याचं पण टाक रे भो, त्या स्टँडर्ड का काय त्याच्यासकट.