लोखंडी पलंगाऐवजी साधं, सुटं होणारं काय करता येईल? (नाशिक)

पाथर्डीफाटा_३:
भाड्याचा फ्लॅट, तिसरा मजला, लिफ्ट नाही. चौकोनी पाइपच्या पलंगाचे सांधे गंजले आहेत आणि कूस बदलली तरी तो कुरकुरतो. वेल्डिंग करून पुन्हा तोच वापरायचा नाही. गादी ७२ × ४८ इंचाची, ५ इंच जाड, काथ्या आणि फोमची. घर बदलताना दोन माणसांना जिन्यातून नेता येईल असं काहीतरी हवं आहे. पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी), नवारीची खाट की सरळ जमिनीवर गादी?

सातपूर_पॅकिंग:
पॅलेट तुमच्या मापाला छान बसतात. १२०० × १००० मिमीचे दोन शेजारी ठेवले की १२०० × २००० मिमी होतं. तुमची गादी साधारण १२२० × १८३० मिमी, म्हणजे रुंदीत २ सेंमी बाहेर येईल आणि लांबीत १७ सेंमी जागा उरेल. एका थराची उंची १४-१५ सेंमी, त्यामुळे दोन थर लागतील, एकूण ४ पॅलेट.

घेताना ठोकळ्यावरचा शिक्का बघा. गव्हाच्या ओंबीचं चिन्ह आणि 'एचटी' असेल तर लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं असतं. 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी, ते झोपायच्या खोलीत नकोच. आपल्याकडून द्राक्षं परदेशी जातात, त्यामुळे शिक्क्याचे पॅलेट नाशकात मिळतात. बिनशिक्क्याच्या लाकडात भुंगा असू शकतो: भोकांखाली पिठासारखा भुसा दिसला तर तो पॅलेट सोडून द्या. तेलाचे किंवा रसायनाचे डाग असतील तरी सोडा, कारण घासून वास जात नाही.

वरच्या फळ्यांमधली फट ३ इंचांपेक्षा जास्त असेल तर तिथे गादी खचते, मध्ये एकेक फळी वाढवा. वर आलेले खिळे ठोकून घ्या, मग ८० आणि १२० नंबरच्या पॉलिश पेपरने घासा. पण एकेक पॅलेट १५ ते २५ किलोचा असतो. तिसऱ्या मजल्यावर चार चढवायचे म्हणजे दमछाक आहे, आणि फटींमध्ये ढेकूण शिरले तर काढणं फार अवघड.

फळी_आणि_सूत:
तुमच्या गादीला प्लायचा जाळीचा पाया सगळ्यात योग्य: उभ्या-आडव्या पट्ट्या खाचांनी एकमेकींत अडकवायच्या आणि वर माथा, म्हणजे सपाट फळी. गादीची रुंदी ४८ इंच आणि शीटचीही ४८, त्यामुळे लाकूड वाया जात नाही. १८ मिमीचं ८ × ४ फुटी एक शीट आणि ६ × ३ फुटी एक, बास.

मोठ्या शीटमधून ७२ × ४८ चा माथा काढा. उरलेल्या २४ × ४८ मधून पावणेबारा इंच रुंदीच्या दोन पट्ट्या, लांबी ४२. छोट्या शीटमधून पावणेबाराच्याच तीन: दोन ६६ इंचांच्या आणि एक ४२ ची. पट्टी पूर्ण १२ ची धरू नका, प्रत्येक कापाला पातं सुमारे ३ मिमी खातं.

आता खाचा. ६६ च्या पट्ट्यांना वरून, ६, ३३ आणि ६० इंचांवर. ४२ च्या पट्ट्यांना खालून, ६ आणि ३६ वर. खोली ५ इंच ७ सूत (८ सूत म्हणजे १ इंच), म्हणजे बरोबर निम्मी. रुंदी मात्र १८ मिमी गृहीत धरू नका. शीटची खरी जाडी मोजा आणि त्यात १ मिमी मिळवा. खाच घट्ट झाली तर पावसाळ्यात प्लाय फुगून थर उकलतात, जास्त सैल झाली तर पाया डुलतो. पट्ट्या एकमेकींत बसवल्या की झालं, पायाला खिळा नाही, स्क्रू नाही.

माथा जिन्याच्या वळणावर अडेल, म्हणून मधोमध कापून ३६ × ४८ चे दोन भाग करा. जोड मधल्या पट्टीवर येतो, पण तिथे प्रत्येक भागाला जेमतेम ९ मिमी टेकू मिळतो. लहान शीटमधला ३० इंचांचा तुकडा उरतो, त्यातून २ इंच रुंद, २९ इंच लांब दोन पट्ट्या काढा आणि माथ्याच्या खालून, मधल्या पट्टीच्या दोन्ही अंगांना सव्वा इंची स्क्रूने लावा. माथा मग सरकतही नाही.

माथ्यात ६-६ इंचांवर १ इंची भोकं पाडायला आळस करू नका. अंगाची वाफ गादीतून खाली उतरते, आणि सपाट प्लायवर अडली की काथ्याला बुरशी धरते. जमिनीवर गादी टाकली तरी हेच होतं, जून ते सप्टेंबरमध्ये तर लवकर.

बाज_विणकाम:
नवारीची खाट हलकी आणि हवेशीर, पण ती कापसाच्या गादीसाठी. काथ्याची गादी झोळात वाकते आणि आतला थर मोडतो. शिवाय नवार सैल पडते, पायाकडून ती पुन्हापुन्हा आवळावी लागते. या गादीला नको.

पाथर्डीफाटा_३:
प्लाय नक्की. कोणत्या प्रतीचा घेऊ? पार्टिकल बोर्ड चालेल का?

फळी_आणि_सूत:
पार्टिकल बोर्ड नको, खाचेच्या कोपऱ्यातच तुटतो आणि पाणी लागलं की फुगतो. बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्यालाही तग धरणाऱ्या) प्रतीचा प्लाय घ्या. मरीनची गरज नाही. रोज फरशी पुसताना खालची कड पाणी पिते, म्हणून सगळ्या कापलेल्या कडांना वॉर्निशचे दोन हात द्या आणि पट्ट्यांखाली ३ मिमी रबराचे तुकडे चिकटवा: लांब पट्टीला तीन-तीन, आडव्या पट्टीला दोन-दोन. उंची गादीसकट साडेसतरा इंच होईल. कापण्याआधी सगळी मापं कागदावर काढून दुकानातल्या कटिंगवाल्याला द्या आणि खाचा 'वरून' की 'खालून' ते प्रत्येक पट्टीवर पेन्सिलने लिहा. सगळ्या एकाच बाजूने कापल्या गेल्या तर पट्ट्या एकमेकींत बसणार नाहीत.